गावातला वीरगळ किंवा शिलालेख नोंदवायला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

एम.ए.च्या प्रबंधासाठी मला जुन्या मराठीचे नमुने हवे होते. आमचे मार्गदर्शक म्हणाले, ‘पुस्तकातले उतारे पुष्कळ झाले, आता दगडावरची मराठी बघून या.’ मी एका गावात गेले, देवळाबाहेरच्या वीरगळाचे, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीच्या कोरीव दगडाचे, मोबाइलवर चार फोटो काढले आणि संध्याकाळच्या एसटीने परत आले. सरांनी तीनच गोष्टी विचारल्या. उंची किती? तोंड कुठल्या दिशेला? मागच्या बाजूला काही कोरलंय का? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही.

दोन वर्षांनी पुन्हा त्या गावात गेले, तर रस्ता रुंद झाला होता आणि दगड जागेवर नव्हता. कोणी म्हणालं मोरीखाली गेला, कोणी म्हणालं भरावात. माझ्या चार फोटोंपैकी एकात दगडाच्या कडेवर अक्षरांची एक ओळ अर्धवट दिसते, पुढची अर्धी चौकटीबाहेर राहिली आहे. ती ओळ आता कोणालाच वाचता येणार नाही.

साहित्य, इतिहास, पुरातत्त्व, धर्मसंप्रदाय यांपैकी कोणत्याही वाटेने तुम्ही या दगडांपर्यंत येत असाल, तर माझी ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी घरी बसून करायचं काम

ज्या गावाला जाणार त्या गावाबद्दल आधी काय छापलंय ते बघा. मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियर्स एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली. त्यांत गावोगावची देवळं, तळी, कोरीव दगड यांच्या छोट्या-छोट्या नोंदी आहेत आणि ती आज इंटरनेटवर मोफत वाचता येतात. शिलालेख असेल तर शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ उघडल्याशिवाय घराबाहेर पडू नका. शिलाहार राजांच्या मुलखात, म्हणजे कोकण, कोल्हापूर, कराड या भागात जाणार असाल तर वा. वि. मिराशींनी संपादित केलेले शिलाहारांचे लेखही चाळा.

हे वाचायचं कारण साधं आहे. ‘नवीन शिलालेख सापडला’ म्हणून जे जाहीर होतं, त्यातलं बरंचसं आधीच कोणीतरी वाचून छापलेलं असतं. तसं निघालं तरी वाईट वाटून घेऊ नका. जुनं वाचन हातात धरून दगडासमोर उभं राहणं हा शिकण्याचा सगळ्यात चांगला मार्ग आहे. मी स्वतः अक्षरं ओळखायला अशीच शिकले.

२. पिशवीत काय घ्यायचं

मोठी सामग्री लागत नाही. पाच मीटरचा टेप, फोटोत ठेवायला सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी, दोन चांगले टॉर्च, मऊ केसांचा रुंद ब्रश (रंगाच्या दुकानात मिळतो, कोरा घ्या), मोठी काळी छत्री किंवा काळं कापड, चौकटीची वही, पेन्सिल, पॉवर बँक. होकायंत्र मोबाइलमध्ये असतंच.

कागदांत महाविद्यालयाचं किंवा संस्थेचं पत्र, तुमचं ओळखपत्र आणि ग्रामपंचायतीला द्यायचा साधा अर्ज, दोन प्रतींत. एका प्रतीवर पोच घ्या. संस्था पाठीशी नसेल तरी अर्ज लिहा: कोण आहात, काय बघायचंय, दगडाला काही करणार नाही आहात. तेवढं लेखी असलं की निम्मे प्रश्न मिटतात.

खडू, रांगोळी, पीठ, हळद, कोळसा, तारेचा ब्रश, ॲसिड यांतलं काहीही बरोबर नेऊ नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू किंवा पीठ भरणारे लोक मी पाहिले आहेत, त्यात अभ्यासकही होते. भरणारा आपल्या समजुतीप्रमाणे भरतो. एखादी भेग त्याला काना वाटली की तिथे काना होतो, आणि पुढचे सगळे तो फोटो बघून तसंच वाचत राहतात.

३. गावात शिरताना

थेट दगडाकडे जाऊ नका. आधी ग्रामपंचायत, मग देवळाचे गुरव किंवा पुजारी, देवस्थानाचा ट्रस्ट असेल तर त्यांच्यापैकी कोणीतरी. दगड शेतात असेल तर शेतमालकाची परवानगी घ्या आणि त्यांच्याकडूनच गट नंबर विचारून लिहून ठेवा.

गावात ‘वीरगळ’ हा शब्द विचारून उपयोग होईलच असं नाही. हा शब्द कन्नडमधल्या ‘वीरगल्लु’वरून आला. कल्लु म्हणजे दगड. लोक मात्र ‘विराचा दगड’ म्हणतील, म्हसोबा म्हणतील, कुठे पांडव म्हणतील. म्हणून असं विचारा: ‘गावात चित्रं काढलेले उभे दगड कुठे आहेत का? ज्याला तेल, शेंदूर लावतात असा?’ मग वाट दाखवायला दोन पोरं आपणहून बरोबर येतात.

आणि एक प्रश्न ठरलेला असतो: ‘इथं धन आहे का?’ याचं उत्तर पहिल्याच दिवशी, चारचौघांत, स्पष्ट द्या. वीरगळाखाली धन नसतं, तो मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड आहे. हे सांगायचं राहिलं तर तुम्ही गेल्यावर कोणीतरी रात्री पहार घेऊन येतो. उपटलेले, आडवे पाडलेले वीरगळ मी पाहिलेत.

४. दगडाच्या आधी जागा

पहिला फोटो दगडाचा काढू नका, जागेचा काढा. वीस पावलं मागे जा आणि आजूबाजूचं देऊळ, वेस, ओढा, झाड असं सगळं घ्या. मग चारही बाजूंनी, मग माथा, मग जवळून. पट्टी ठेवून एक, पट्टीशिवाय एक.

वहीत लिहा: गाव, तालुका, गट नंबर, अक्षांश-रेखांश, दगडाचं तोंड कोणत्या दिशेला, जमिनीवरची उंची, रुंदी, जाडी, किती गाडला गेलाय असं वाटतं, एकटा आहे की रांगेत. दगड मूळ जागी आहे का, हे विचारायला विसरू नका. जीर्णोद्धारात आजूबाजूच्या शेतांतले वीरगळ आणून देवळाच्या भिंतीला ओळीने टेकवून ठेवलेले असतात. ते दगड कुठल्या कुठल्या शिवारातून आले हे सांगणारी माणसं आज साठी-सत्तरीची आहेत. तोंडावर सिमेंटचा गिलावा बसलेला दगड निदान दगड म्हणून तरी उरतो, पण तो कुठून आणला हे सांगणारं माणूस गेलं की ती माहिती परत मिळत नाही.

५. दगड ओळखा

वीरगळ खालून वर वाचायचा. नवखे वरून सुरू करतात आणि गोंधळतात. सर्वांत खालच्या चौकटीत बहुतेक वेळा वीर आडवा पडलेला असतो, तो मेलेला आहे. त्यावर लढाई. त्यावर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेताहेत. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय, बाजूला पूजा करणारा. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य, म्हणजे चंद्रसूर्य आहेत तोवर ही कीर्ती राहो. चौकटी तीन असतील, चार असतील, कधी कमी-जास्त. मोजून लिहा.

खालच्या दोन चौकटींवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. तिथे गाईंची रांग दिसली, तर गावाची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो गेला. समोर घोडेस्वार असतील तर लढाई वेगळी. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांत जहाजं आहेत, वल्ह्यांच्या ओळी आहेत, समुद्रावरची लढाई आहे. वीराच्या हातात ढाल-तलवार आहे की धनुष्य, केसांचा बुचडा कोणत्या बाजूला, किती जण पडलेत, सगळं टिपा. हे दगड बहुतेक मुके असतात, नाव नाही की साल नाही, म्हणून जे कोरलंय तेच त्यांचं बोलणं.

सतीशिळा ओळखायला सोपी. कोपरात वाकवलेला स्त्रीचा हात, मनगटात बांगड्या, तळवा उघडा. अनेकदा वीरगळाला लागूनच उभी असते. दोन्ही एकाच कारागिराच्या हातचे वाटतात का, हे नीट बघा. जोडी असेल तर त्या एका घरावर एकाच वेळी काय कोसळलं ते तुमच्यासमोर आहे, आणि नोंद करताना मला प्रत्येक वेळी थोडं थांबावं लागतं.

तिसरा प्रकार गधेगळ. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख (कधी नसतोही), खाली गाढव आणि स्त्री यांचं चित्र. हा दानाचा दगड आहे. जमीन किंवा उत्पन्न दान दिलं, ते जो कोणी मोडील त्याला दिलेली ती शिवी, चित्रातून. शिलाहार आणि यादव काळातले असे दगड महाराष्ट्रात बरेच आहेत. गावातली माणसं, विशेषतः बायाबापड्या, हे चित्र दाखवताना संकोचतात, आणि कुठे ते सिमेंटने लिंपूनही टाकलेलं असतं. हसू नका, फोटो काढताना शेरे मारू नका. वाचता न येणाऱ्यालाही कळावा असा तो कायद्याचा मजकूर होता, एवढं समजावून सांगितलं की लोक मोकळेपणाने बोलतात.

६. उजेड: सगळं काम इथे अडतं किंवा सुटतं

दुपारी बारा वाजता शिलालेख वाचायला जाऊ नका. ऊन समोरून किंवा डोक्यावरून पडलं की अक्षरांच्या खाचांत सावलीच राहत नाही आणि दगड सपाट दिसतो. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तम. दगडाचं तोंड उत्तरेला असेल किंवा लेख मंडपात असेल तर रात्र गाठा.

एका जुन्या मंदिरात मी दोन दिवस एका तुळईखाली मान वर करून उभी होते. खरबरीत दगडाशिवाय काही दिसेना. तिसऱ्या दिवशी दिवे लागण झाल्यावर गुरवांच्या मुलाला शिडीवर चढवलं आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून, अगदी कडेने धरायला सांगितला. त्याने टॉर्च हळूहळू फिरवला. आधी एक आडवी रेघ दिसली, मग तिला लोंबणारी काटकोनी टोकं, आणि मग एकदम ‘स्वस्ति श्री’. ‘ताई, ही तर अक्षरं आहेत! मी रोज इथनं जातो!’ असं तो वरूनच ओरडला. नंतर त्याने शेजारच्या घरांतल्या सगळ्यांना बोलावून आणलं आणि त्या रात्री मला एकटीला काम करू दिलं नाही, पण प्रत्येक ओळीला टॉर्च धरायला माणूस मिळाला.

तेव्हा पद्धत अशी. कॅमेरा किंवा मोबाइल एका जागी स्थिर ठेवा. टॉर्च डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असा चार बाजूंनी, प्रत्येक वेळी दगडाला लागून तिरपा धरा आणि प्रत्येकी फोटो घ्या. वरच्या किंवा खालच्या उजेडात उभा काना गायब होतो, पण डावीकडच्या किंवा उजवीकडच्या उजेडात हटकून दिसतो. चारही फोटो शेजारी ठेवूनच वाचायचं. दिवसाच काम करावं लागलं तर छत्रीने ऊन अडवा आणि आरशाने कवडसा कडेने टाका.

कागद ओला करून, दगडावर ठोकून, शाई फिरवून ठसा घेण्याची जुनी पद्धत आहे आणि ती अजूनही भरवशाची आहे. पण शिकल्याशिवाय करू नका. कागद फाटला तर शाई थेट दगडात जाते. ज्यांना येतं त्यांच्याबरोबर दोन-तीनदा जाऊन हाताने करून बघा, मगच एकटे करा.

शेंदराचा थर कधीही खरवडू नका. त्याखाली लेख असेल अशी खात्री असली तरीही नाही. तो कोणाचा तरी देव आहे.

७. वाचन आणि तारीख

आधी नुसतं चित्र उतरवा. अर्थ लावू नका, जे दिसतंय ते ओळीने काढा. मग अक्षरं ओळखा. शंका असलेलं अक्षर चौकटी कंसात, न दिसणाऱ्या अक्षराच्या जागी टिंब. दगडावर ‘सकु’ असेल तर ‘सकु’च लिहा, ‘शके’ करू नका. भाषेच्या अभ्यासाला त्या ‘उ’काराचीच गरज असते.

सर्वांत मोठा सापळा पडिमात्रेचा. जुन्या नागरीत ‘ए’ची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभी रेघ म्हणून देत. ती आधीच्या अक्षराचा काना वाटते. एखादा शब्द काही केल्या जुळेना, की त्यातल्या प्रत्येक कान्यावर संशय घ्या. प-य, च-व, थ-ध, भ-म-स या जोड्या नेहमी दोन्ही बाजूंनी वाचून बघा. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे लेख कन्नडमध्ये असण्याची शक्यता धरूनच जा. किल्ल्यांवर आणि जुन्या विहिरींवर फारसी भेटेल. त्या लिपीचा माणूस शोधा, अंदाजाने वाचू नका.

साल वाचताना संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव हा तुमचा साक्षीदार. शके मिळाला की त्यात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो प्रभव संवत्सरापासूनचा क्रमांक (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय). उदाहरण घ्या. अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखात शके ९३४ आहे. ९३४ अधिक १२ म्हणजे ९४६, साठाने भागून बाकी ४६. सेहेचाळिसावा संवत्सर परिधावी, आणि दगडावर ‘प्रधावी’ कोरलेलं आहे. जुळलं. सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलचा लेख शके ९४०चा. बाकी येते ५२, म्हणजे कालयुक्त, आणि लेखातही कालयुक्तच आहे. आकडा झिजून ३ की ८ असा घोळ असेल तेव्हा ही बेरीज-भागाकार तुम्हाला वाचवते.

इसवी सनासाठी शकात ७८ मिळवा. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. हे विसरल्याने एका वर्षाची चूक झालेले लेख छापून आलेले आहेत.

कुडलच्या त्या लेखाचा शेवट ‘वाछि तो विजेया होइवा’ असा आहे. जो वाचील तो विजयी होईल. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी हा लेख उजेडात आणला. हजार वर्षांपूर्वी कोरणाऱ्याला कोणीतरी पुढे वाचायला येईल याची खात्री होती. मला कंटाळा येतो तेव्हा मी ती ओळ आठवते.

८. माणसांचं बोलणं ही पण नोंद

दगडाचं काम संपलं की वही मिटू नका. त्याची पूजा कोण करतं, कोणत्या दिवशी, नैवेद्य काय, नवस बोलतात का, लग्नात त्याला आमंत्रण असतं का, कोणत्या घराचा मान आहे, हे विचारा. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांची दैवतं आणि खंडोबा समजून घेताना असल्याच प्रश्नांवर आयुष्य घातलं. गुरं वाचवताना मेलेला माणूस पुढे देव कसा होतो, हे दगडात अर्धं असतं आणि अर्धं माणसांच्या तोंडी.

एका आजी रोज सकाळी एका वीरगळाला तेल लावताना भेटायच्या. मी विचारलं, ‘आजी, हा कोण?’ म्हणाल्या, ‘आमचा वीर हाय. सासूनं लावलं, मी लावते, आता सून लावंल. तुला त्याचं नाव सापडलं तर मला सांग गं.’ त्या दगडावर नाव नव्हतं. तसं त्यांना जाऊन सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘असू दे, त्याला ठावं हाय.’

रेकॉर्डिंग करायचं असेल तर विचारून करा. ओव्या, गाणी मिळाली तर जशी म्हटली तशीच लिहा, ‘ण’चा ‘न’ असेल तर ‘न’.

९. कायद्याचं थोडक्यात

स्मारक केंद्राचं संरक्षित असेल तर १९५८चा प्राचीन स्मारक कायदा, राज्याचं असेल तर १९६०चा महाराष्ट्राचा अधिनियम. अशा ठिकाणी तिपाई किंवा दिवे लावायचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्या, आणि ठसा तर परवानगीशिवाय नाहीच. संरक्षित नसलेला दगडही उचलून आणायचा नसतो. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कोरीव दगड १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येतो. जमिनीत पुरलेलं काही निघालं तर हात न लावता तहसीलदारांना कळवायला गावाला सांगा. निखात निधीचा १८७८चा कायदा अजून लागू आहे.

१०. घरी आल्यावर

त्याच रात्री फोटोंना नावं द्या: गाव, दगडाचा क्रमांक, बाजू, तारीख. आठवड्याने ती तुम्हाला आठवणार नाहीत. वाचन तयार झालं की निदान दोन जाणकारांना दाखवा, त्यातला एक तुमच्याशी सहमत नसणारा हवा. मगच छापायला द्या. लहान, सुटी मूर्ती असेल तर नेमके अक्षांश-रेखांश फेसबुक-व्हॉट्सॲपवर टाकू नका. चोरीला जाणाऱ्या वस्तूंचा पत्ता आपणच देऊ नये. ती माहिती नोंदवहीत आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पाठवलेल्या पत्रात असू द्या.

शेवटी गावाला परत जा. दगडाचा एक मोठा फोटो, खाली लेखाचं वाचन आणि आजच्या मराठीत अर्थ, असं एक पान लॅमिनेट करून ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत द्या. दीडशे-दोनशे रुपयांत होतं. एका गावात मी दिलेलं पान शाळेच्या मुख्याध्यापकांनी व्हरांड्यात लावलं. पुढच्या पावसाळ्यात रस्त्याच्या कामाचा जेसीबी दगडाजवळ आला, तेव्हा सातवीतल्या मुलांनी जाऊन चालकाला थांबवलं आणि सरपंचांना बोलावून आणलं. तो दगड आज रस्त्यापासून सहा फूट आत, त्याच तोंडाने, पूर्वेला उभा आहे.